रघुवीरची वजाबाकी

रघुवीरकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं, ते तो पुटपुटत होता म्हणून.

शाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे, अभयकडे, सिंगापूरला राहायला आले त्याला जेमतेम महिना झाला होता. दर शनिवारी दुपारी त्याच्या ईस्ट कोस्टच्या घरी मित्रमंडळी जमायची आणि चहा झाला की ‘लिलाव’ खेळायची. हा खेळ त्यांनी स्वतःच बेतलेला. कुणीतरी परदेशातून सामान्यज्ञानाच्या खेळाचा एक खोका आणला होता, पण त्यातले निम्मे प्रश्न अमेरिकेतल्या चेंडूच्या खेळांवर निघाले. खोका कपाटात गेला आणि ही मंडळी आपापले विषय चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायला लागली. चिठ्ठी निघाली की बोली सुरू. ‘नद्या’ निघाल्या तर एक जण म्हणणार, मी पाच सांगतो. दुसरा म्हणणार, मी सात. येत असोत वा नसोत, आकडा चढवत न्यायचा. समोरचा थापा मारतोय असं वाटलं की म्हणायचं, “मोज!” मग शेवटची बोली ज्याची, त्याने तेवढी नावं सांगायची. सांगितली तर गुण त्याला, अडला तर ‘मोज’ म्हणणाऱ्याला.

त्या दिवशी चिठ्ठी निघाली ‘समुद्र’.

“पाच,” अभय म्हणाला.

“नऊ!” निशिकांत सोफ्यावरून पुढे सरकत ओरडला. निशिकांत बँकेत होता. त्याला कुठलाही विषय चालायचा, कारण कुठलाच नीट येत नसे.

मग पाळी आली माझ्या शेजारी खिडकीशी बसलेल्या एका किडकिडीत, चष्मेवाल्या माणसाची. “हा रघुवीर शेवडे, जहाजावरचा इंजिनिअर, वीस वर्षं समुद्रावर काढलीत त्याने,” अशी माझ्या सुनेने, शुभदाने, थोड्या वेळापूर्वीच ओळख करून दिली होती. त्यामुळे सगळे त्याच्याकडे अपेक्षेने बघायला लागले.

“मी आपला... चार,” तो म्हणाला.

“अरे, नऊ झालेत! खाली कसला येतोस? भाजी घेतोयस का?” निशिकांतने टाळीसाठी हात पुढे केला.

“मोज!” शुभदा निशिकांतला म्हणाली.

निशिकांतने अरबी, लाल, काळा, पिवळा, भूमध्य असे पाच भराभर टाकले. सहावा हिंदी महासागर म्हणाला, तो कुणी मानला नाही. मग तो छताकडे बघत बसला. आणि माझ्या कानाशी हलक्या आवाजात सुरू झालं: बाल्टिक, कॅस्पियन, अंदमान, जावा, सुलू, तिमोर, एड्रियाटिक... पुढचं मोजायचं मी सोडून दिलं. वर तो पायाने निशिकांतला ढोसून सुचवत होता, “बाल्टिक म्हण, बाल्टिक.”

“एवढे येत होते, तर चार का म्हणालास?” मी विचारलं.

तो चपापला. “नाही म्हणजे, काकू, सगळ्यांवर गेलेलो नाही ना मी. काही नुसते नकाशात बघितलेत.”

मी जन्मभर भूगोल शिकवला, एकही समुद्र न ओलांडता. तसं त्याला सांगितलं, तर शिक्षिका म्हटल्याबरोबर तो उठून उभाच राहिला. तेव्हापासून मी त्याची ‘बाई’ झाले.

पुढे ओळख वाढली तसं कळलं, की रघुवीर प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःतून काहीतरी वजा करतो. चीफ इंजिनिअर होतास का? “हो, म्हणजे छोट्या जहाजांवर.” यावर त्याची बायको रत्ना म्हणायची, “छोटं म्हणजे यांच्या अख्ख्या गावाएवढं, बाई. गावात देऊळ धरूनसुद्धा.” त्याचं गाव देवगडच्या बाजूला. घरी चार भावंडं, वडील पोस्टात. आपण होऊन आपलं सांगू नये, विचारलं तर कमी सांगावं, असं त्या घरातलं वळण. वळण चांगलंच होतं. पण इतर भावंडांनी ते बेताने घेतलं आणि याने पोटभर.

‘बहुतेक’ हा त्याचा आवडता शब्द. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी आम्ही कधी फिरायला जायचो तेव्हा नांगरून ठेवलेल्या जहाजांची रांग दिसायची. “ते तेलाचं, बहुतेक. ते गाड्या नेणारं, बहुतेक.” एकदा मी विचारलं, “आज वार कोणता रे?” तर म्हणाला, “शनिवार, बहुतेक.” शेजारून त्याची मुलगी योगिनी सायकल हातात धरून चालत होती. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, “बाबा, इट्स सॅटर्डे लाह. हंड्रेड पर्सेंट.”

समुद्रावरची नोकरी सोडून तो हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात लागला होता, ते योगिनीसाठी. लहानपणी बाप सहा-सहा महिन्यांनी घरी यायचा तेव्हा ती त्याला ‘अंकल’ म्हणायची. ते त्याला लागलं. तिघं बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. बाकीच्या मित्रांनी केव्हाच कायमच्या रहिवासाचे अर्ज करून टाकले होते. याने केला नव्हता. का, तर “आपल्याला कोण देतंय, बाई?”

दोन हजार नऊ साल उजाडलं ते जहाजधंद्याला वाईटच. आमच्या खिडकीतून दिसणारी नांगरलेल्या जहाजांची रांग लांबत चालली. मला ती शोभा वाटायची. रघुवीरनेच एकदा सांगितलं, की ती बिनकामाची उभी आहेत. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रत्ना माझ्या मदतीला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि भज्यांचं पीठ भिजवता भिजवता थांबली.

“बाई, यांचं ऑफिस बंद होतंय. मार्चअखेर.”

नोकरी गेली की इथे राहण्याचा पास रद्द. पास रद्द झाला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मोठी माणसं कुठेही जाऊन राहतील, पण योगिनीचं ते दहावीचं वर्ष होतं, इथल्या भाषेत ओ लेव्हलचं. परीक्षा वर्षाच्या शेवटी. मधेच उचलून तिकडच्या कुठल्या शाळेत घालायची? पुस्तकं वेगळी, परीक्षा वेगळी, लिहिता येण्याजोगं मराठी नाही. दोन वर्षं सरळ पाण्यात गेली असती. 

“दोन मुलाखती झाल्या,” रत्ना म्हणाली. “एके ठिकाणी विचारलं, जहाज कोरड्या गोदीत घेऊन दुरुस्त करायचं काम किती वेळा सांभाळलंय? तर हे म्हणाले, ‘थोडंफार, इतरांच्या मदतीने.’ अकरा वेळा केलंय हो, बाई! अकरा! आता इतरांच्या मदतीने म्हणजे काय, एकट्याने जहाज उचलणार होते का? तिथून पत्र आलं, आम्हाला अधिक अनुभवी माणूस हवा आहे.” तिने पिठाने माखलेल्या हाताचं मनगट डोळ्यांना लावलं. “हा माणूस कधी खोटं बोलत नाही. पण खरंही बोलत नाही.”

पुढच्या शुक्रवारी तिसरी मुलाखत होती. मार्च संपायच्या आत पुन्हा अशी संधी येईल असं दिसत नव्हतं.

वर्गात अशी मुलं मी पुष्कळ पाहिली होती. उत्तर येत असतं, पण हात कानापर्यंतच वर जातो, म्हणजे बाईंनी विचारलंच तर कान खाजवत होतो म्हणता यावं. अशा मुलाला ‘हात वर कर’ म्हणून ओरडून उपयोग नसतो. त्याच्या हाताला दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं. 

भजी घेऊन बाहेर आले तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा निघालाच होता. मी म्हटलं, “आज रघुवीरसाठी वेगळा नियम. त्याने आकडा सांगायचा आणि लगेच पाणी प्यायचं.”

“का, बाई?” रघुवीर घाबरून म्हणाला.

“तोंडात पाणी असलं की वजाबाकी करता येत नाही.”

रत्ना पेला भरून त्याच्या शेजारी जाऊन बसली. पहिलीच चिठ्ठी निघाली ‘पापडांचे प्रकार’. ती शुभदाची असणार.

“चार,” अभय म्हणाला.

“सात,” रघुवीर म्हणाला. “म्हणजे तसे—”

रत्नाने पेला त्याच्या ओठांना लावला. तो मुकाट पाणी प्यायला. एरवी रघुवीर तीन सांगायचा, त्यातून एक काढून घ्यायचा आणि पाळी पुढे जायची. निशिकांत त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

“याला येतायत,” तो स्वतःशीच म्हणाला. “कोकणातला आहे. फणसाचे बिणसाचे कसले कसले पापड करतात हे लोक...” आणि न राहवून ओरडला, “आठ!”

“मोज!” शुभदा म्हणाली.

“उडदाचे, मुगाचे, तांदळाचे, नाचणीचे, बटाट्याचे,” निशिकांत बोटांवर मोजायला लागला. “फणसाचे, ते याच्याकडचे. आणि... मसाला पापड.”

“त्यावर नुसता कांदा-टोमॅटो घालतात! ती काय जात झाली?”

“हॉटेलात वेगळे पैसे लावतात, म्हणजे जात वेगळी!”

निशिकांत अडला तो अडलाच. रघुवीरने घोट गिळला आणि म्हणाला, “मला तर सहाच येत होते.”

सगळे एवढे हसले, की आतल्या खोलीत अभ्यास करणारी योगिनी दार उघडून बघायला आली. “व्हॉट हॅपन्ड?”

“तुझ्या बापाने थाप मारली!” निशिकांत म्हणाला. “जन्मात पहिली! आणि मीच सापडलो!”

रघुवीरच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आनंद आणि अपराधीपणा दोन्ही होते. निघताना लिफ्टपाशी त्याने मला हळूच विचारलं, “बाई, मुलाखतीतसुद्धा एक जास्त सांगायचा?”

“अजिबात नाही. तिथे जेवढे आहेत तेवढेच. फक्त सांगून झालं की गप्प.”

आठवडाभर रत्नाने घरात तोच नियम चालवला. भाजी कशी झालीय? चांगली. पाणी. उद्या किती वाजता निघणार? साडेसातला. पाणी. योगिनीला या खेळात फार मजा वाटली. बाबांनी ‘बहुतेक’ म्हटलं की ती लगेच बाटली पुढे करायची. 

शुक्रवारी मुलाखत झाली. शनिवारी तिघं आली तेव्हा मी दारातच रघुवीरचा पडलेला चेहरा पाहिला.

“वाईट झाली?”

“नाही, बाई. चांगली झाली. तोच तर घोटाळा आहे.”

त्याने बसून सगळं सांगितलं. मिस्टर लिम म्हणून तिथले मुख्य. त्यांनी विचारलं, गोदीतली कामं किती? अकरा. पाण्याचा घोट. त्यातली स्वतःच्या जबाबदारीवर किती? अकरा. घोट. मोठ्या बिघाडाची वेळ आली तेव्हा काय केलं? तेही त्याने सांगितलं, अधिक नाही, उणं नाही. पेला दोनदा भरून आणावा लागला. अगदी शेवटी लिम म्हणाले, “दुसरीकडे कुठे बोलणं चालू आहे का तुमचं?” उत्तर होतं ‘नाही’. पण पेला हातात होता आणि सवयीने आधी घोटच घेतला गेला. तो घशाखाली उतरेपर्यंत लिम हसले, “असू दे, समजलं,” म्हणाले आणि उठून हस्तांदोलन करून मोकळे झाले.

“शाब्बास!” निशिकांतने मांडीवर थाप मारली. “अरे, याला म्हणतात बोली! त्यांना वाटतंय तुझ्यामागे दुसरं गिऱ्हाईक आहे. आता बघ, धावत येतील.”

“पण दुसरं गिऱ्हाईक नाहीये,” रघुवीर म्हणाला. “मी थाप मारली नाही, निशी. मी पाणी पीत होतो. मला रात्रभर झोप नाही. सोमवारी फोन करून सांगतो त्यांना.”

“सांगा!” रत्ना उसळली. “सांगा, की मला कुणी विचारत नाही, अनुभवही बेताचाच आहे, तुम्ही दुसरा कुणी बघा! आत पोरगी गणितं सोडवतेय, तिलाही सांगून टाका, की पुस्तकं बांधायला घे!”

अभय माझ्याकडे बघायला लागला, मग बाकीचेही. पाण्याची युक्ती माझी होती. हा घोटही एक प्रकारे मीच पाजला होता.

मला आतल्या दाराखालची उजेडाची फट दिसत होती. रत्नाचं चुकत नव्हतं. गप्प बसण्यात कायद्याने काही गैर नव्हतं, आणि मागे ते मूल होतं. पण रघुवीरलाही मी ओळखत होते. त्या पेल्यातलं पाणी त्याच्या घशाखाली पुरतं उतरलंच नव्हतं. नोकरी मिळाली असती, तरी रोज सकाळी लिमसाहेबांसमोर तो ते तोंडात धरून उभा राहिला असता.

“आपल्या खेळात समोरच्याला ‘मोज’ म्हणता येतं,” मी म्हणाले. “लिमना तो हक्क मिळालाच नाही. तेव्हा फोन कर. पण एकच वाक्य बोल: ‘माझं दुसरीकडे कुठेही बोलणं चालू नाही.’ पुढे एक अक्षर नाही. गोदीतली अकरा कामं अकराच राहू देत.”

त्या दिवशी लिलाव झालाच नाही. जाताना रत्नाने मला नमस्कार केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी सकाळी मात्र तिचाच फोन आला. “बाई, याल का? एकटीला बसवत नाही.”

ईस्ट कोस्टहून बुकित पंजांग म्हणजे बेटाचं दुसरं टोक. आधी एमआरटी, म्हणजे मेट्रो, मग ती छोटी एलआरटी गाडी. ती इमारतींच्या इतक्या जवळून जाते, की घरांपाशी आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावता येऊ नये म्हणून. त्या दिवशी काचा धुरकटल्या की मला बरं वाटत होतं.

योगिनी शाळेत गेली होती. रत्नाने फडताळ आवरायला काढलं होतं. बरण्या खाली येत होत्या, पुसल्या जात होत्या आणि पुन्हा तिथेच वर जात होत्या. मी तिला त्या देत राहिले. हळदीची बरणी तिसऱ्यांदा पुसत असताना फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

“मी बोलतोय,” रघुवीर म्हणाला. मागे त्याच्या ऑफिसाजवळच्या फेरी टर्मिनलची घोषणा ऐकू येत होती.

“कळलं हो! काय झालं?”

“झालं. बहुतेक.”

रत्नाने हातातलं फडकं खाली टाकलं. “बहुतेक?”

“नाही, नाही! बहुतेक नाही. झालं. नोकरी मिळाली.” आणि मग फोनमधून पाणी प्यायल्याचा स्पष्ट आवाज आला.

रत्ना हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिच्या हातातली हळदीची बरणी काढून घेतली. तिकडून रघुवीर सांगत होता. त्याने ते एक वाक्य म्हटलं. लिम म्हणाले, “मला माहीत आहे. तुमचं ऑफिस बंद होतंय हे हार्बरफ्रंटच्या कॉफीवाल्या अंकललासुद्धा ठाऊक आहे. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तेव्हा मला वाटलं, माणसाला हे बोलायला जड जातंय, म्हणून मी पुढे विचारलं नाही. तुमचं पत्र शुक्रवारी संध्याकाळीच सहीसाठी गेलंय.”

“म्हणजे यांची थाप पोचलीच नाही!” रत्ना डोळे पुसत म्हणाली. “तीन रात्री जागलो आम्ही, बाई. आणि ती पोचलीच नाही!” मग ती गॅसकडे वळली. “आता जेवूनच जा. पापड तळते.”

दुपारी योगिनी शाळेतून आली. आईने सांगितल्यावर तिने दप्तर जमिनीवर टाकलं, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “सो आय स्टिल मस्ट टेक ओ लेव्हल्स आ? अय्यो.” ती बातमी ऐकून ‘अय्यो’ म्हणणारी त्या घरात ती एकटीच.

नवा पास मार्च संपायच्या आधी आला. पुढच्या शनिवारी निशिकांतने सगळ्यांना सांगितलं, की ही नोकरी मुळात त्याने आठ पापडांची बोली लावल्यामुळे मिळाली आहे. त्याने माघार घेतली असती, तर रघुवीरला आत्मविश्वास कुठून आला असता? कुणी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही होतं.

लिलावात मात्र पाण्याच्या युक्तीचा आता काही उपयोग उरलेला नाही. रघुवीर पेला उचलतो तेव्हा त्याला नक्की येत असतं, हे सगळ्यांना कळून चुकलंय; आणि पेल्याला हात लावला नाही, की निशिकांत लगेच “मोज!” म्हणतो. 

योगिनी परीक्षा उत्तम पास झाली आणि पॉलिटेक्निकला जाते. रघुवीर अजून त्याच कंपनीत आहे, बुकित पंजांगच्या त्याच फ्लॅटमध्ये राहतो, आणि कायमच्या रहिवासाचा अर्ज त्याने गेल्या महिन्यात स्वतः जाऊन भरला.